फ्रिजातला विडा

हिरामण तांडेल चहा मागवायचा तोसुद्धा तिघांना विचारून. "आल्याचा चहा सांगू? तुना काय वाटतं?" असं आधी वॉचमनला, मग हमालाला, आणि जवळ कुणीच नसलं तर वरच्या पंख्याकडे बघून. चहा येईपर्यंत त्याचा पाय टेबलाखाली हलत राहायचा. चहा आला की वाटायचं, वेलची सांगायला पाहिजे होती.

आडनाव तांडेल. म्हणजे होडी चालवणाऱ्यांचा म्होरक्या. पण हिरामणनं आयुष्यात चालवली ती फक्त फिरती खुर्ची. मानकोली फाट्याच्या मागे, जिथे त्याच्या आज्याची भातशेती होती, तिथे आता त्याची दोन गोदामं उभी होती आणि गोदामांच्या तोंडाशी काचेचं ऑफिस. बाहेर दिवसभर ट्रक मागे यायचे आणि त्यांच्या भोंग्यातली एक बाई कंटाळून सांगत राहायची, "कृपया ध्यान दीजिए, गाडी पीछे आ रही है." हिरामणला ती बाई आवडायची. मागे यायचं तरी किती खात्रीनं सांगते!

त्याचा बापूस तुळशीराम तांडेल मात्र खरा तांडेल. आवाज असा, की खाडीच्या या काठावरून शिवी दिली तर पलीकडच्या काठावरचा माणूस उलट शिवी द्यायचा. चैत्राच्या पुनवेला गावदेवीची पालखी होडीतून तिच्या पलीकडच्या बहिणीच्या देवळात जाते. त्या होडीचं सुकाणू तांडेलांच्या थोरल्या घराकडे. तुळशीरामनं ते जन्मभर धरलं आणि पोराच्या हाती एकदाही दिलं नाही. कुणी सुचवलंच तर म्हातारा मांडीवर थाप मारून हसायचा. "ह्याच्या हातान सुकानू? आरं, होडी उलटाला लागली तर यो होडीलाच इचारील, तुना कंच्या अंगाला उलटावाचा हाय?"

सगळं गाव हसायचं. हिरामणही हसायचा, आणि मग घरी जाऊन पार्वतीला विचारायचा, "मी हसलू तो बरोबर केला ना?"

मागच्या पावसात म्हातारा गेला. दिवाळीत खाडीत नव्या पुलाचे खांब उभे राहिले. आणि गुढीपाडव्याला जानकीबाई काठी टेकत हिरामणच्या दारात आली.

जानकीबाई त्याची आते. गावदेवीचं सगळं तिच्या तोंडी. तिनं देव्हाऱ्यासमोर ताटली ठेवली, ताटलीत विडा. पान, अख्खी सुपारी, वर लवंग टोचलेली.

"रीत ठावं हाय ना? विडा ज्याच्या तोंडान, सुकानू त्याच्या हातान. तुझा बापूस मी ताटली ठेवाच्या आदी विडा खावाचा. माझी बोटा चावली हाईत त्यानं."

"आते, इचार करतू जरा."

"कर. पन विडा सुकला तर मान सावलारामच्या घरान जातो. मंग तुझ्या नातवाच्या नातवाला पन परत न्हाय."

सावळाराम म्हणजे हिरामणचा चुलतभाऊ. त्याची स्वतःची मच्छीमारीची होडी, दंडावर नांगर गोंदलेला, आणि तोंडात कायम एकच वाक्य: "आपल्याला डाऊटच न्हाय!" पाऊस पडेल का? डाऊटच न्हाय. पडला नाही तरी डाऊटच न्हाय.

हिरामण त्या विड्यासमोर उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. हात पुढे केला, मागे घेतला. खाल्ला तर देवीला बुडवणारा पहिला तांडेल म्हणून नाव राहणार. नाही खाल्ला तर मान घालवणारा पहिला तांडेल म्हणून. संध्याकाळपर्यंत त्याच्या चार वेळा चपला घालून काढून झाल्या. सकाळी पार्वतीनं फ्रिज उघडला.

"अवो! देवीचा विडा कोथिंबिरीन?"

"बाहेर सुकंल ना तो."

"सुकाचाच असतो तो! न्हायतर खावाचा असतो! तिसरा काय हाय त्यान?"

"इचार चाललाय, पारू."

"तुमचा इचार संपंपर्यंत कोथमीर पिवली होईल."

विडा मात्र पिवळा झाला नाही. चार दिवसांनी जानकीबाईची काठी वाजली, तसा हिरामणनं फ्रिजातून विडा उचलून देव्हाऱ्यासमोर ठेवला आणि हात जोडून बसला. म्हातारीनं पानाला बोट लावलं. पान हिरवंगार, थंडगार, वर बारीक थेंब.

"ग बाय माझे! देवीला घाम फुटलाय!"

झालं. तासाभरात आळीतल्या बाया ओटी घेऊन हजर. कुणी पानासमोर नारळ ठेवला, कुणी पोराची दहावी. शेवटी सावळाराम आला, वाकला, नाक ताटलीजवळ नेलं.

"दादा, देवीच्या घामाला कोथमिरीचा वास कसा?"

"तुना काय वाटतं?" हिरामणच्या तोंडून सवयीनं निघालं.

"मना? मना डाऊटच न्हाय." आणि तो मिश्या चोळत फ्रिजकडे बघत बघत बाहेर गेला.

त्या रात्री हिरामणनं विडा ओल्या फडक्यात गुंडाळला, स्टीलच्या डबीत घातला, आणि सकाळी गोदामाच्या ऑफिसातल्या फ्रिजात नेऊन ठेवला. तिथे पाण्याच्या बाटल्या, चहाचं दूध, श्रीनाथ बापट सरांचा डबा आणि त्यांच्या विड्याची डबी, याखेरीज कुणी काही ठेवत नसे.

बापट सर भिवंडीच्या ब्राह्मण आळीतले. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि घरी बायकोच्या, माधवीताईंच्या, पायात पायात येऊ लागले, तशी सरांनी हिरामणच्या ऑफिसात अर्ध्या दिवसाची नोकरी धरली. काम गेटपास फाडायचं. पण खरं काम म्हणजे कादंबरी. ऐतिहासिक, आरमारी. कैक वर्षं चालली होती. सरांनी समुद्र पाहिला होता तो जुहूला, भेळ खात.

दुपारी गाड्या कमी झाल्या की सर चष्मा पुसायचे आणि वाचायला लागायचे. सरांचा आवाज एरवी पातळ, पण वाचताना त्यात ढोल शिरायचा.

"सागराच्या उत्ताल लाटांवर 'जयदुर्गा' गुराब हेलकावत होती. पाच फिरंगी गलबते अर्धचंद्राकार व्यूह रचून पुढे सरकत होती. सरतांडेल अंबाजीने घसा खाकरला. त्याने आकाशाकडे पाहिले. खलाशांस वाटले, सरतांडेल ग्रहताऱ्यांचा कौल घेत आहेत. वास्तविक अंबाजीच्या मनात एकच प्रश्न होता, की हे काम आपणांस कोणी व का दिले."

हिरामणचा पाय थांबला. टेबलाखाली वर्षानुवर्षं हलणारा पाय पहिल्यांदा थांबला.

"सर, यो अंबाजी कोनावरना काढलाव?"

सर गोरेमोरे झाले. "म्हणजे बघा हिरामणशेठ, काल्पनिकच आहे. तत्त्वतः."

त्यांना कसं सांगायचं, की नववी 'ब'च्या वर्गात शिरण्याआधी रोज ते स्वतः घसा खाकरून छताकडे बघायचे! आणि हिरामणला कसं विचारायचं, की ह्या माणसाला माझ्या मनातलं कुणी सांगितलं? दोघेही आपापल्या जागी लाजून बसले. दारात गेटपाससाठी उभा असलेला गोरखपूरचा ड्रायव्हर मात्र सरळ बोलला, "कप्तान तो एकदम अपने सेठ जैसा है. आगे क्या हुआ?"

पुढे रोज वाचन. अंबाजी अडचणीत यायचा, घसा खाकरायचा, आकाशाकडे बघायचा, आणि कसाबसा सुटायचा. हिरामण घरी जाताना त्याच्यासाठी नवस बोलायचा. शेवटी 'जयदुर्गा' एका खाडीच्या मुखाशी आली. समोर दोन काळे खडक, मागे फिरंगी, पाणी ओसरत चाललेलं. डावीकडून जायचं की उजवीकडून?

"मंग?" हिरामण खुर्चीतून अर्धा उठला.

सरांनी चष्मा काढला. "पुढचं लिहिलेलं नाही."

"म्हंजे?"

"मलाच कळत नाहीये. गेल्या आषाढापासून तो तिथेच उभा आहे बिचारा. डावीकडे नेला की वाटतं उजवीकडे न्यावा. अहो, झोप लागत नाही मला."

"सर, लवकर काढा त्याला. पुनव आयली."

"पौर्णिमेचा काय संबंध?"

हिरामणनं काय सांगावं? की अंबाजी सुटला तर मी विडा खाईन, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. आयुष्यात ठरवलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही दुसऱ्याच्या खडकावर अडकलेली.

तो खाडीवर जाऊ लागला. काठावर नारळाच्या करवंट्यांचा ढीग होता. नव्या खांबांकडे बघत तो एकेक करवंटी पाण्यात टाकायचा आणि ती दिसेनाशी होईपर्यंत नखं खायचा. मग दुसरी. गावातली पोरं ओरडायची, "दादा खाडीला आमटी वाढतोय!" करवंट्या खांबांपाशी जायच्या, गरकन फिरायच्या, आणि निघून जायच्या. हिरामणला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांना कुणी विचारत नव्हतं.

पुनव परवावर आली तेव्हा त्याच्यानं राहवेना. त्यानं जानकीबाईला रिक्षानं ऑफिसात आणवलं, सावळारामला बोलावलं. नुकतंच जेवण झालं होतं. बापट सर कोपऱ्यात बसून गेटपासांवर शिक्के मारत होते.

"आते, माझ्यानं व्हनार न्हाय." हिरामण पंख्याकडे बघत म्हणाला. "सावलाराम धरंल सुकानू. त्याला डाऊट न्हाय. मना सगला डाऊटच हाय. विडा अजून हिरवा हाय, तो मी माझ्या हातानं त्याला देतू. म्हंजे मान गेला तरी... दिला असा होईल. गेला असा न्हाय."

सावळाराम शर्टाच्या बाह्या वर करू लागला. हिरामणनं फ्रिज उघडला, डबी आणली, दोन्ही हातांनी पुढे धरली आणि झाकण काढलं.

आत त्रिकोणी गोविंदविडा. वर चांदीचा वर्ख, बाजूनं गुलकंद ओघळलेला.

"ह्यो कंच्या देवीचा?" सावळारामनं विचारलं.

कोपऱ्यातून 'कटक्' असा आवाज आला. सुपारी फुटल्याचा.

"माधवी आज गुलकंद विसरली वाटतं," बापट सर तोंड वर करून म्हणाले. "आणि सुपारी कुणी अख्खी घालतं का? दाढ हलली माझी."

बाहेरच्या बाईचं "गाडी पीछे आ रही है" आत स्पष्ट ऐकू आलं.

"सर," हिरामण म्हणाला, "काय खाल्लाव?"

"विडा. का हो?"

"कंच्या डबीतला?"

सरांनी डबी दाखवली. ओलं फडकं दाखवलं. मग तिघांचे चेहरे बघितले आणि चघळणं थांबवलं. थुंकावं की गिळावं हे त्यांना ठरवता येईना. गाल तसाच फुगलेला.

"गिल!" जानकीबाईनं काठी आपटली. "देवीचा हाय. गिल मुकाट."

सरांनी गिळलं.

"आता सुकानू तू धराचा."

"अहो बाई! मी? मला पोहता येत नाही!"

"पोवाचा कनाला? सुकानू धराचा हाय."

"अहो, चुकून झालं! मी माफी मागतो. लेखी देतो!"

"चुकून कोनी विडा खात न्हाय. देवी भरवते." म्हातारीला त्यात काही गंमत वाटत नव्हती. "रीत ती रीत. मात्र तुझ्या हातावर तांडेलांच्या घरातल्या मानसानं हात धरला तर चालतो. आंधला तांडेल होता एकदा, तवा असाच केलता."

सावळाराम पुढे झाला. "सर, भिऊ नका. मी धरतू ना हात. तुमी फक्त डोले मिटून बसा. आपल्याला डाऊटच न्हाय."

सरांनी घसा खाकरला. छताकडे बघितलं.

"हात हिरामणशेठ धरतील. नाहीतर मी बसणार नाही."

"का? मी काय बुडवतू तुमाला?"

"तुम्हाला बुडण्याची शंकाच येत नाही, सावळाराम. मला त्याचीच भीती वाटते. ह्यांना भीती वाटते, त्यामुळे मला जरा बरं वाटतं."

"सर, मना इचारलाव का?" हिरामण कळवळला.

"तुम्हाला विचारलं असतं तर पौर्णिमा टळली असती."

पुनवेच्या दिवशी भरती दुपारी होती. काठावर बँजो, गुलाल, आइस्क्रीमच्या गाड्या. पालखी होडीत बसली. इंजिन लावायचं नाही, वल्ही मारायची, ही जुनी चाल. सावळाराम रागानं पुढच्या वल्ह्यावर, होडीच्या अगदी तोंडाशी. जानकीबाई पालखीला धरून. आणि मागे सुकाणूपाशी बापट सर, धोतर, त्यावर ऑनलाइन मागवलेलं नारिंगी लाइफ जॅकेट, त्यावर उपरणं. त्यांच्या हातावर हिरामणचा हात.

"हिरामणशेठ, तुमचे वडील कुठून काढायचे?"

"डावीकरनं. काठाला धरून."

"मग आपणही..."

"तवा खांब न्हवते, सर."

अर्धी खाडी बरी गेली. मग खांब मोठे दिसू लागले. वरून पाणी सपाट होतं, पण होडीला कुणीतरी खालून हात घातल्यासारखं झालं. तोंड एका बाजूला ओढलं जाऊ लागलं. बँजो मागे काठावर राहिला होता. इथे फक्त पाण्याचा खांबांवर आपटण्याचा आवाज.

"डावीकरनं!" सावळाराम ओरडला. "जोर मारा रं! काका डावीकरनंच काढाचा!"

उजवीकडची वल्ही जोरात पडली आणि होडी खांबाकडे तिरकी झाली. पालखी कलंडली. जानकीबाईनं दोन्ही हातांनी ती छातीशी धरली.

"तांडेल!" कुणीतरी मधूनच हाक मारली. "कंच्या अंगाला? सांग ना!"

हिरामणनं मागे वळून बघितलं, बापूस बसायचा तिथे. पण त्या जागेवर आता तो स्वतःच बसला होता. त्यानं सरांकडे बघितलं. सरांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते, रामरक्षा असावी. विचारायला कुणी उरलं नव्हतं. त्यानं घसा खाकरला. वर बघितलं. वर आकाश नव्हतं, पुलाचं अर्धवट काँक्रीटचं पोट होतं, आणि तिथे एक कामगार पिवळी टोपी घालून वाकून बघत होता. त्याला काय विचारणार?

पाण्यावर एक करवंटी चालली होती. गुलालाची, कुणीतरी काठावरून फेकलेली. खांबाजवळ गेली, गरकन फिरली, आणि दोन खांबांच्या मधून निघून गेली. तशीच, जशा सगळ्या जायच्या.

"वल्ही उचला!" हिरामण ओरडला.

"काय?" सावळाराम मागे वळला. "दादा, येडा झालास? जोर मारला न्हाय तर आपटंल!"

"वल्ही उचल सावल्या, न्हायतर मी तिथं येऊन उचलीन!"

तुळशीरामचा आवाज. होडीतल्या सगळ्यांनी ऐकला. फक्त मध्ये जरा फाटला, तेवढा हिरामणचा होता. वल्ही उचलली गेली. सावळारामचं सगळ्यांत शेवटी.

होडी खांबाकडे निघाली. सरळ. हिरामणनं सरांचा हात इतका दाबला, की सरांनी एक डोळा उघडला, खांब बघितला आणि परत मिटला. "चुकला का रं?" हिरामण पुटपुटत होता. "चुकला असंल. करवंटी हलकी, होडी जड. आयला, चुकलाच." पण सुकाणू त्यानं सोडलं नाही.

मग पाण्यानं खांबापाशी होडी गरकन फिरवली. पालखी फिरली, जानकीबाई फिरली, सावळाराम तोंडाचा शेपटीला गेला. शेवाळाचा वास नाकाजवळून गेला. एक वल्हं खांबाला घासलं, खर्रर्र, आणि होडी दोन खांबांच्या मधून बाहेर पडली. उलटी. ढुंगण पुढे करून.

आणि तशीच, उलटीच, पलीकडच्या काठाला लागली. तिथली माणसं हार घेऊन उभी होती. समोर देवी यायच्या ऐवजी नारिंगी जॅकेटातले बापट सर आले, डोळे मिटलेले. पहिला हार त्यांच्याच गळ्यात पडला.

"उलटी लावलास होडी!" सावळाराम उडी मारून उतरला. अंग भिजलेलं, नांगर भिजलेला. "शंभर वर्सांत कोनी उलटी लावली न्हाय!"

"लागली ना?" हिरामण म्हणाला आणि लगेच पार्वतीला फोन लावला. "पारू, उलटी लागली. बरोबर केला ना मी?"

"देवी मागं बघत आयली," जानकीबाईनं निकाल दिला. "माहेरची वाट बघत आयली. एवढी वर्सं त्या तुलशीरामनं तिला बघू दिली न्हवती."

सर रेतीत बसले होते. हार तसाच. हातातल्या चुरगळलेल्या गेटपासच्या मागे ते काहीतरी लिहीत होते.

"हिरामणशेठ, अंबाजी सुटला! वल्ही उचलतो तो. डावं नाही, उजवं नाही. फक्त थांबतो." त्यांचे डोळे चमकत होते. "पण एक सांगा. हे तुम्हाला ठाऊक होतं ना? खात्री होती ना?"

"कशाची खात्री, सर? माझं पाय बघा." पाय खरंच रेतीत नाचत होते.

सरांनी लिहिलेलं एक वाक्य खोडलं. बहुधा खात्रीचं.

तेवढ्यात पलीकडच्या देवळातली म्हातारी ताटली घेऊन आली. बहिणीकडून परतीचा विडा. पान, अख्खी सुपारी, वर लवंग. हिरामणला हे ठाऊक होतं, पण इतका वेळ तो विसरला होता, की परतही जायचं असतं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. पाणी आता उलट्या बाजूनं धावणार, खांबांपाशी काय करणार ते एकाही करवंटीनं सांगितलेलं नव्हतं.

सावळारामनं ताटलीकडे बघितलं. सरांनी घाईघाईनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

हिरामणनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. इथे फ्रिज नव्हता. त्यानं विडा उचलला आणि ताटली धरणाऱ्या म्हातारीनं बोटं मागे घ्यायच्या आत तोंडात टाकला. 'कटक्' करून सुपारी फोडली.

मग तुडुंब भरल्या तोंडानं, पाय हलवत, खाडीकडे बघत तो म्हणाला, "सावल्या, तू बस माझ्याजवल. येताना कंच्या अंगाला जाऊ? तुना काय वाटतं?"

सावळारामनं तोंड उघडलं. पाण्याकडे बघितलं. खांबांकडे बघितलं. आणि जन्मात पहिल्यांदा तोंड तसंच मिटलं.